‘तो फक्त सोबत होता’ : वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

या वेळच्या पत्रांत एकच वाक्य वेगवेगळ्या अक्षरांत आलंय : ‘त्याने काही केलं नाही, तो फक्त सोबत होता.’ म्हणून हा अंक साथीदाराच्या जबाबदारीला दिला आहे. आकड्यांचा घोळ आधीच मिटवून टाकू. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनी दंडसंहिताच लागते, मग खटला आज का चालू असेना. जुनं ३४ (सामाईक इरादा) म्हणजे आता ३(५), १४९ (बेकायदा जमाव) म्हणजे १९०, १२०-ब (कट) म्हणजे ६१(२) आणि १०९ (चिथावणी) म्हणजे ४९. यातही एक खोच आहे. नव्या संहितेत १०९ हा आकडा खुनाच्या प्रयत्नाला दिलाय, त्यामुळे कागदावर नुसतं ‘१०९’ दिसलं की कायदा कुठला ते आधी पाहा. कोर्टाच्या आवारात मात्र ‘चौतीस लावलंय’ असंच अजून ऐकू येतं.

प्रश्न : माझा २२ वर्षांचा भाचा मित्राला मोटरसायकलवर बसवून बाजारात घेऊन गेला. मित्राने तिथे एकाला चाकू मारला. भाचा गाडीवरून खालीसुद्धा उतरला नाही. नंतर मित्राला घेऊन परत आला. जखमी माणूस वाचला आहे. गुन्हा ‘कलम १०९ सह ३(५)’ असा दाखल झालाय. हात न लावता खुनाचा प्रयत्न कसा होतो?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : ३(५) हा स्वतंत्र गुन्हा नाही, त्याला वेगळी शिक्षाही नाही. अनेकांनी मिळून, सर्वांच्या सामाईक इराद्याने एखादं कृत्य केलं, तर ते प्रत्येकाने एकट्याने केल्यासारखं धरायचं, एवढंच ते सांगतं. म्हणून ते नेहमी दुसऱ्या कलमाच्या शेपटीला ‘सह’ म्हणून येतं. पण त्याचा भार हलका नाही. १०९ मध्ये दहा वर्षांपर्यंत, आणि जखम झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. सामाईक इरादा सिद्ध झाला तर दोषाच्या बाबतीत गाडीवरचा आणि चाकूवाला एकाच पायरीवर येतात.

‘उतरला नाही’ हा बचाव शंभर वर्षांपूर्वीच तपासून झालाय. ऑगस्ट १९२३ मध्ये कलकत्त्याच्या शांखारीटोला पोस्टात सब-पोस्टमास्तर मागच्या खोलीत टेबलाशी पैसे मोजत बसले होते. अंगणाकडच्या दारात काही माणसं आली, त्यांनी पैसे मागितले आणि गोळ्या झाडल्या. पोस्टमास्तर जागीच गेले आणि मारेकरी पैसे न घेताच पळाले. त्यातल्या बारेंद्रकुमार घोष याला पाठलाग करून धरलं, तेव्हा पिस्तूल त्याच्या हातात होतं. त्याचं म्हणणं, मी आत गेलोच नाही, बाहेर अंगणात उभा होतो. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, सांगितलं की तसं धरलं तरी फरक पडत नाही. ठरलेल्या कामात बाहेर उभं राहणं हाही कामाचाच भाग. खुनाचा दोष कायम राहिला.

तुमच्या भाच्याच्या वकिलांनी त्याच्याइतकाच जवळ ठेवावा असा दुसरा निकाल म्हणजे महबूब शाह खटला, १९४५ चा. सिंधू नदीच्या काठी बोरूवरून भांडण झालं. एकाला बांबूचा फटका बसला, तो ओरडला, आणि त्याचे दोन नातलग बंदुका घेऊन धावत आले. एकाच्या गोळीने एक जण मेला. दुसऱ्याने, म्हणजे महबूब शाहने, वेगळ्याच माणसावर गोळी झाडली आणि तो किरकोळ जखमी झाला. पहिल्याने केलेल्या खुनासाठी खालच्या कोर्टांनी महबूबलाही दोषी धरलं. प्रिव्ही कौन्सिलने महबूबला खुनातून सोडलं. दोघांच्या मनात एकसारखी गोष्ट असणं आणि दोघांनी मिळून एक गोष्ट ठरवलेली असणं, या दोन गोष्टी वेगळ्या, असं त्या निकालाचं सार आहे. आधीचं ठरणं महिनाभर आधी हवं असंही नाही. ते जागेवर, क्षणात होऊ शकतं. पण ते झालं होतं हे पुराव्यातून दिसावं लागतं.

भाच्याच्या बाबतीत सगळं एका प्रश्नावर अडतं : चाकू आहे आणि तो वापरायचा आहे, हे त्याला कधी कळलं? निघण्यापूर्वी, वार होताना, की परत येताना? निघण्यापूर्वी कळलं असेल तर ३(५) टिकायला अडचण नाही. वार झाल्यावर कळलं असेल तर त्याने केलेली मदत गुन्ह्यानंतरची ठरते. तिची कलमं वेगळी आणि शिक्षा कितीतरी कमी. सगळ्यात जास्त नडणार आहे ते ‘परत घेऊन आला’ हे. सरकारी वकील म्हणतील, गाडी चालू ठेवून थांबला, वार बघितला आणि तरी मागे बसू दिलं. याचं उत्तर साध्या भाषेत तयार हवं. घाबरला असेल, चाकू अजून मित्राच्या हातातच असेल, तर तसं सांगायला हवं आणि ते पहिल्या दिवसापासून एकसारखं हवं.

करायचं काय? प्रथम खबरी अहवालाची प्रत घ्या आणि त्यात भाच्याच्या तोंडी एखादं वाक्य घातलंय का ते पाहा. ‘सोडू नको याला’ छापाची चिथावणी मूळ फिर्यादीत नसते आणि आठ-दहा दिवसांनी पुरवणी जबाबात उगवते, असं वारंवार होतं. अशी भर उलटतपासणीत फार उपयोगी पडते, म्हणून दोन्ही कागदांच्या तारखा टिपून ठेवा. चौकातल्या दुकानांचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. ते जपून ठेवण्याचा आदेश मिळावा म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, अटक, जामीन यांचा नवा कायदा) कलम ९४ खाली कोर्टात लगेच अर्ज करा, आणि कॅमेऱ्याचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही नोंदवून घ्या. भाच्याच्या फोनमधलं काहीही पुसू नका. पुसलेलं परत मिळतं, आणि पुसलं ही गोष्ट त्याच्याविरुद्ध जाते. अटकपूर्व जामिनाचा अर्ज त्याच संहितेच्या कलम ४८२ खाली होतो, अटक झालीच असेल तर सत्र न्यायालयात ४८३ खाली. त्यात ‘निर्दोष आहे’ हे घासलेलं वाक्य लिहिण्यापेक्षा भाच्याची नेमकी भूमिका किती ते मांडावं : शस्त्र नाही, जुनं वैर नाही, वार नाही. आणि जखमीच्या घरी ‘समजूत काढायला’ कुणीही जाऊ नये. साक्षीदारांवर दबाव आणला या एका मुद्द्यावर हातातला जामीन जातो.

प्रश्न : गावच्या यात्रेत मारामारी झाली. फिर्यादीत १९ नावं आहेत, त्यात माझे ६६ वर्षांचे वडीलही. ते पारावर उभे होते. ‘गैरकायद्याची मंडळी जमवून’ असं लिहिलंय. आता सगळ्यांना सारखीच शिक्षा?
— बार्शीहून

उत्तर : इथे ३(५) नव्हे, कलम १९० आहे, आणि त्याचा धागा वेगळा आहे. ३(५) ला दोन माणसं पुरतात, पण सामाईक इरादा आणि सहभाग लागतो. १९० ला किमान पाच माणसं लागतात, पण प्रत्येकाचा हात चाललाच पाहिजे असं नाही. बेकायदा जमावाचं उद्दिष्ट एक आणि तुम्ही त्या जमावाचे, एवढ्यावर जमावातल्या कुणीही त्या उद्दिष्टासाठी केलेला गुन्हा तुमच्या खात्यावर येतो. म्हणून गावच्या भांडणात फिर्यादीतली नावं सहसा पाचाच्या खाली येत नाहीत. भावकीचा अख्खा वाडा त्यात येतो.

मसाल्टी खटल्यात, १९६४ साली, सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजू सांगितल्यात. जमावातल्या प्रत्येकाने काही ना काही केलं हे दाखवायलाच हवं असं नाही, पण निव्वळ बघे असलेले त्यात धरायचे नाहीत. आणि आरोपींची रांग मोठी असेल तर एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावर न जाता दोन-तीन साक्षीदार त्या माणसाबद्दल सुसंगत सांगतात का, हे पाहावं. वडिलांबद्दल नेमकं कोण काय म्हणतं, याचा एक तक्ता करा : साक्षीदार, जबाबाची तारीख, वडील कुठे उभे, हातात काय. १९ नावांच्या प्रकरणात अशा तक्त्यात रिकामे रकाने भरपूर निघतात.

आकड्याकडेही लक्ष असू द्या. खटल्याअखेर इतके सुटले की चारच उरले, आणि फिर्यादीत ‘अनोळखी इतर’ कुणी नव्हते, तर १९० कोसळतं. मग ज्याचं त्याचं कृत्य, किंवा पुरावा असेल तर ३(५).

अटकेचं : सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी हा नियम आहे. अटक करायची तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. नोटीस आली तर वडिलांना घेऊन जा आणि पोच घ्या, कारण न जाणं हेच अटकेचं कारण होतं. शिवाय ३५(७) नवीन आहे : तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा आणि माणूस साठीच्या पुढचा असेल तर पोलीस उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. नुसता दंगा, न्याय संहितेचं १९१(२), दोन वर्षांचा आहे, त्यात हे संरक्षण मिळेल. पण घातक हत्याराने दुखापत, ११८(१), लावलं असेल तर शिक्षा बरोबर तीन वर्षांपर्यंत, म्हणजे ‘तीनपेक्षा कमी’ नाही, आणि हे दार बंद. म्हणून कलमांची यादी शेवटपर्यंत वाचा.

प्रश्न : घटनेच्या दिवशी मी जिल्ह्यातच नव्हतो. तरी सहआरोपी?
— नाव नको, नांदेड

उत्तर : होऊ शकतं. देहूरोडच्या लष्करी भांडारातून सरकारी सामान बाहेर गेल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ३४ साठी आरोपी कृत्याच्या वेळी हजर हवा. फाटकावर पहारा देणं, पलीकडच्या रस्त्यावर गाडी घेऊन थांबणं हीही हजेरीच. पुढे १९६० मध्ये, कापड रंगवणाऱ्या कारखान्यातल्या अपहाराच्या खटल्यात, हे सैल झालं : मारामारी असेल तर हजेरी लागते, पण अपहारासारखा गुन्हा दूर बसूनही करता येतो. आणि हजेरी अजिबात न लागणारं कलम वेगळंच आहे, ६१, कट.

कट म्हणजे काय, हे गांधीहत्येच्या खटल्याइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. गोळ्या एकट्या नथुराम गोडसेने झाडल्या. पण १० फेब्रुवारी १९४९ ला लाल किल्ल्यातल्या विशेष न्यायालयाने फाशी दोघांना दिली, नथुरामला आणि नारायण आपटेला. कटातला मदनलाल पाहवा तर बिर्ला हाउसमधल्या २० जानेवारीच्या स्फोटानंतर जागेवरच पकडला गेला होता. ३० जानेवारीला तो कोठडीत होता. तरी जन्मठेप, कारण कटात सामील होणं आधीच पूर्ण झालं होतं. दुसरीकडे, दिगंबर बडगे याचा नोकर शंकर किस्तय्या २० तारखेला मालकासोबत बिर्ला हाउसला गेला होता. खाली त्याला शिक्षा झाली, अपिलात सिमल्याला तो सुटला.

तेव्हा गैरहजेरीवर भिस्त ठेवू नका. तुम्ही आणि इतर यांच्यात काही ठरलं होतं याचा पुरावा काय, हा प्रश्न विचारा. ओळख, नातं, फोनवर बोलणं एवढ्यावर कट उभा राहत नाही. राजीव गांधी हत्येच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने २६ जणांना फाशी सुनावली होती. मे १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली आणि १९ जणांना सोडलं. मारेकऱ्यांशी संबंध असणं वेगळं आणि हत्येच्या ठरावात असणं वेगळं, हा त्यातला कळीचा मुद्दा होता.

प्रश्न : माझ्या मुलाने (कॉलेज, दुसरं वर्ष) मित्राला आपलं बँक खातं, एटीएम कार्ड आणि सिम वापरायला दिलं. महिना तीन हजार मिळत होते. आता खातं गोठवलंय आणि परराज्यातल्या सायबर ठाण्याची नोटीस आलीय. त्याने कुणाला फसवलं नाही.
— पालक, नाशिक

उत्तर : फसवणाऱ्याला सगळ्यात जास्त गरज असते ती दुसऱ्याच्या नावाच्या खात्याची. फोन कुणीही करतो, पैसा उतरवायला जागा लागते. तुमच्या मुलाने ती भाड्याने दिली. त्यामुळे फसवणूक ३१८(४), सात वर्षांपर्यंत, आणि तिच्यासोबत ३(५) किंवा ६१(२) लागतं. ते नाही टिकलं तरी चोरीचा माल स्वीकारणं, ३१७(२), तीन वर्षांपर्यंत, मागे उभंच असतं. नव्या संहितेत फसवणुकीने मिळवलेला पैसाही ‘चोरीचा माल’ धरला आहे. तिथे पक्की माहिती असण्याचीही गरज नाही, ‘तसं मानायला कारण होतं’ एवढं पुरतं. काम काहीच नाही आणि महिना तीन हजार, हेच ते कारण म्हणून पुढे केलं जाईल.

मुलाकडून लपवाछपवी होऊ देऊ नका. खात्यात उरलेले पैसे कुठल्याही वाटेने काढू नका. खातं, कार्ड आणि सिम बंद करण्याचा लेखी अर्ज बँकेला आणि मोबाइल कंपनीला द्या, पोच घ्या. खातेउतारा काढून त्यात मुलाचे स्वतःचे व्यवहार (फी, मेस, रिचार्ज) वेगळ्या शाईने खुणावून ठेवा. मित्राशी झालेलं बोलणं फोनमध्ये तसंच राहू द्या. कोर्टात त्याची छापील प्रत द्यायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात अ आणि ब असे दोन भाग असतात आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. प्रमाणपत्राविना दिलेले स्क्रीनशॉट पुराव्याच्या टप्प्यावर अडकतात. नोटिशीला वकिलामार्फत मुदतीत उत्तर द्या. मित्राचं नाव, नंबर आणि कार्ड कुठे, कधी दिलं हे त्यात स्पष्ट असू द्या.

‘आपण पैसे परत करून टाकू’ असा सल्ला देणारे एजंट अशा वेळी दारात येतात. परतावा करायचाच असेल तर तो फक्त कोर्टाच्या किंवा तपास अधिकाऱ्याच्या लेखी आदेशावर. एखाद्या अनोळखी खात्यात भरणा म्हणजे तीच साखळी पुढे नेणं.

प्रश्न : धाकटा दीर रात्री घरी आला, जेवला, झोपला. खुनाच्या गुन्ह्यात तो हवा आहे हे सकाळी कळलं. आम्ही आरोपी होऊ का? त्याचे कपडे मी धुतले आहेत.
— एक गृहिणी

उत्तर : आसरा देण्याचा गुन्हा कलम २४९ मध्ये आहे. गुन्हेगार असल्याचं माहीत असणं किंवा तसं मानायला कारण असणं, आणि त्याला शिक्षेपासून वाचवण्याचा हेतू, दोन्ही लागतं. रात्री यातलं काही नव्हतं, म्हणून रात्रीचं जेवण गुन्हा नाही. सकाळी कळल्यानंतरचा चहा, प्रवासाचे पैसे, एसटीपर्यंत सोडणं हे मात्र त्यात बसतं. ‘आसरा’ या शब्दात कायद्याने अन्न, पैसा, कपडे आणि वाहन सगळं घातलंय. मूळ गुन्हा खुनाचा असेल तर पाच वर्षांपर्यंत. यातून सूट फक्त पती किंवा पत्नीला आहे. आई, भाऊ, वहिनी यांना नाही, हे बऱ्याच घरांना पोलीस आल्यावर कळतं.

कपड्यांचं प्रकरण नाजूक आहे. पुरावा नाहीसा करणं, कलम २३८, खुनाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत. पण तिथेही गुन्हा घडल्याची जाणीव आणि आरोपीला वाचवण्याचा हेतू लागतो. रोजच्या धुण्यात कपडे गेले असतील तर ते तसंच सांगा. आता ते कपडे पुन्हा धुऊ नका, फेकू नका. कोरडे असतील तर कागदी पिशवीत ठेवा आणि वकिलांना घेऊन पंचनाम्यात द्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि डाग कुजतात. जबाब घ्यायला पोलिसांनी स्त्रीला ठाण्यात बोलवायचं नाही, साक्षीदार म्हणून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे ते घरीच यायला हवेत.

प्रश्न : वकील म्हणतात, माफीचा साक्षीदार हो, सुटशील. खरं का?
— कारागृहातून

उत्तर : अर्धं खरं. माफीचा साक्षीदार म्हणजे माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध साक्ष देणारा साथीदार. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४३ खाली न्यायदंडाधिकारी, आणि खटला वर्ग झाल्यावर ३४४ खाली सत्र न्यायालय, माफी देऊ करतं. पोलीस देत नाहीत. सत्र न्यायालयातच चालणारे किंवा सात वर्षांपर्यंत वा त्याहून जास्त शिक्षेचे गुन्हे यात येतात. अट एकच : संपूर्ण आणि खरं, स्वतःचा भाग न वगळता. ‘मी नुसता बघत होतो, सगळं त्यांनी केलं’ अशी साक्ष दिली तर तो साथीदारच राहत नाही आणि माफीला अर्थ उरत नाही.

आधीच जामिनावर नसाल तर खटला संपेपर्यंत तुरुंगातच राहावं लागतं. सुटकेची घाई असलेल्याला हे कुणी आधी सांगत नाही. आणि साक्षीत फिरलात तर सरकारी वकिलाच्या दाखल्यावर मूळ गुन्ह्याचा वेगळा खटला तुमच्यावर चालतो, आणि माफीच्या वेळी दिलेला जबाब त्यात तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

अशा साक्षीकडे कोर्ट संशयानेच बघतं. सर्वोच्च न्यायालयाच्या भिवा दौलू पाटील निकालाने सांगितलं की दुजोऱ्याशिवाय शिक्षा बेकायदा नाही, पण जवळजवळ नेहमीच धोक्याची. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम १३८ मध्ये तर ‘दुजोरा मिळालेली’ हा शब्दच आला आहे. दुजोरा गुन्हा घडला एवढ्याचा पुरत नाही, प्रत्येक आरोपीला गुन्ह्याशी जोडणारा हवा. वर ज्याचं नाव आलं तो बडगे हाच त्या खटल्यातला माफीचा साक्षीदार. न्यायाधीशांनी त्याला एकूण विश्वासार्ह मानलं. तरी सावरकरांविषयी त्याने सांगितलेल्या भागाला स्वतंत्र दुजोरा नव्हता, म्हणून ते निर्दोष सुटले. २६/११ च्या हल्ल्याआधी मुंबईची टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने माफी दिली आणि २०१६ मध्ये त्याची साक्ष अमेरिकेतून व्हिडिओवर झाली, तीही तेव्हाच्या कायद्यातल्या अशाच तरतुदीखाली.

प्रश्न : ‘दोन थोबाडीत ठेवून दे’ एवढंच म्हणालो. त्याने डोक्यात दगड घातला. खून माझ्यावर?
— सोलापूर

उत्तर : कलम ५१ पाहा. सांगितलं एक आणि झालं दुसरं, तर ते दुसरं ‘संभाव्य परिणाम’ होतं का, हे तपासतात. कायद्यातलंच उदाहरण : घर जाळायला सांगितलं आणि त्याने आगीत चोरीही केली, तर चोरी सांगणाऱ्यावर येत नाही. पण हत्यारं देऊन दरोड्याला पाठवलं आणि विरोध करणारा घरमालक मारला गेला, तर खून येतो. थोबाडीतून खून सहसा संभवत नाही. पण तुम्ही हे म्हणालात तेव्हा दगड त्याच्या हातात आधीच होता का, हे साक्षीदारांना विचारलं जाणार.

प्रश्न : कार्यालयाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने साहेबांसाठी पाकीट ठेवून घेतलं. लाचलुचपतवाल्यांनी त्यालाही धरलं. तो सरकारी नोकर नाही.
— परभणी

उत्तर : सापळ्याच्या बातमीत ‘खासगी इसम’ म्हणतात तो हाच. लोकसेवकावर वजन टाकण्यासाठी पैसे घेणाऱ्या कुणालाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचं कलम ७-अ लागतं, आणि लाचेला साथ दिल्याबद्दल कलम १२ : किमान तीन, कमाल सात वर्षं. पाकिटात काय आहे हे त्याला माहीत होतं का, यावरच बचाव. सापळ्याच्या वेळचं ध्वनिमुद्रण आणि पडताळणी पंचनामा मागून घ्या, त्यात ‘किती’ हा शब्द त्याच्या तोंडी आहे का ते ऐका. देणाऱ्यासाठी : नाइलाजाने दिली असेल आणि सात दिवसांत तक्रार केली असेल तर कलम ८ मधून सूट आहे. तक्रारीचा नंबर १०६४.